अकरा खिडक्यांची कॉम्बी आणि एका अंगाचा रंग

मी ती जुनी फोक्सवॅगन व्हॅन बघायला गेलो तेव्हा तिच्या उजव्या अंगाचा रंग अजून बोटाला चिकटत होता. डावं अंग मात्र होतं तसंच राहिलं होतं. मूळचा राखाडी-निळा रंग उडालेला, खाली गंज, गंजाचे पोपडे आणि त्यावर इतक्या वर्षांतल्या कावळ्यांची कामगिरी. "लोक गेटातून आत येतात ना, त्यांना उजवी बाजूच दिसते," गाडीच्या घरातल्या थोरल्या भावांनी खुलासा केला. "म्हटलं, निदान पहिली नजर तरी बरी पडू दे." रंगाऱ्याने अठ्ठावीस हजार घेतले होते. डाव्या बाजूचे पैसे गाडी विकली की द्यायचे ठरले होते.

मी विमा कंपन्यांसाठी तीसेक वर्षं अपघाताच्या गाड्यांचे सर्व्हे केले. निवृत्तीनंतर जुन्या गाड्यांचं मूल्यांकन करतो. या कुटुंबाने प्रकरण लिहायला परवानगी दिली आहे, फक्त नावं गाळायला सांगितली. इतक्या जुन्या, चालू नसलेल्या आणि पुरत्या गंजलेल्या गाडीचा सौदा मुंबईत नेमका कुठे अडतो, हे या एका व्यवहारात जितकं स्वच्छ दिसलं तितकं मला इतरत्र दिसलं नव्हतं.

गाडी फोक्सवॅगन टाइप २, पुढची काच दोन भागांत असलेली, म्हणजे गाडीवेडे जिला 'स्प्लिट विंडो' म्हणतात ती. जागा कालिना, तीन मजली सोसायटीचं मागचं आवार. इमारत पुनर्विकासाला गेली होती आणि ३१ मेच्या आत आवार मोकळं करून द्यायचं होतं. मी गेलो तो फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा. वडील १९९८ मध्ये वारले. मागे दोन भाऊ, आणि नाशिकला दिलेली एक बहीण. वडिलांचा गिरगावात लाऊडस्पीकरचा धंदा होता. गणपती, लग्नं, निवडणुका. एका कंपनीने वापरून झालेली ही गाडी १९७४ मध्ये लिलावात काढली, ती त्यांनी घेतली आणि टपावर कर्णे बसवून पंधरा-सोळा वर्षं मुंबईभर फिरवली. १९८१ मध्ये कुटुंब कालिन्याला आलं. नव्वदच्या सुमाराला इंजिन बंद पडलं आणि गाडी जिथे उभी राहिली तिथेच रुजली. रुजली हा शब्द मुद्दाम वापरतोय. मागच्या चाकाच्या कमानीतून पिंपळ वर आला होता.

आळीत सगळे तिला 'टेम्पो' म्हणत. मराठीत सामान वाहणारं चारचाकी काहीही टेम्पोच असतं. तो शब्द आपल्याकडे आला बजाज टेम्पोमुळे, आणि त्यांनी तो घेतला हॅम्बुर्गच्या विडाल कंपनीकडून. म्हणजे फोक्सवॅगनच्या हॅनोव्हरच्या कारखान्यातल्या गाडीला चाळीस वर्षं हॅम्बुर्गच्या कारखान्याचं नाव चिकटलेलं. गंमत अशी की विडालने सुरुवातीच्या मॅटाडोरला फोक्सवॅगनचंच इंजिन बसवलं होतं, तेव्हा नातं अगदीच लांबचं नाही.

खिडक्या मोजल्या

धाकट्या भावाच्या मुलाने माझ्या आधीच जाहिरात टाकली होती: '२३ खिडक्यांची दुर्मीळ सांबा, किंमत ४० लाख.' महिनाभरात दोनशे फोन आले. निम्म्यांनी काच विकणार का विचारलं, उरलेल्यांनी चेष्टा केली.

मी त्याला गाडीभोवती फिरवलं आणि खिडक्या मोजायला लावल्या. पुढच्या दोन, दारांच्या दोन, दोन्ही अंगांना तीन-तीन, मागे एक. अकरा. सांबा म्हणजे याच व्हॅनची वरच्या दर्जाची आवृत्ती. तिला प्रत्येक अंगाला चार, मागच्या दोन कोपऱ्यांत गोलाकार दोन आणि वर टपाच्या कडेला आठ छोट्या काचा असतात, तेव्हा कुठे तेवीस होतात. १९६३ नंतर मागचं दार रुंद केलं, कोपऱ्यातल्या दोन काचा गेल्या आणि सांबा एकवीसवर आली. आपली ही 'कॉम्बी'. आतून साधी, मधली आणि मागची बाकं काढता येतात, सकाळी माणसं न्या, दुपारी माल न्या.

"मग किंमत पडली का, काका?" पोरगा हिरमुसला.

पडली, आणि चढलीही. सांबा नसली तरी ती उजव्या हाताच्या स्टिअरिंगची, आणि एकाच घरात पन्नास वर्षं राहिलेली. या गाडीचं पहिलं रेखाटन डच आयातदार बेन पॉन याने १९४७ मध्ये वहीत केलं, उत्पादन १९५० ला सुरू झालं आणि जर्मनीत दुहेरी काचेचं मॉडेल १९६७ ला थांबलं. त्यातल्या भारतात आलेल्या मोजक्या. त्यातल्या कापल्या न गेलेल्या, दुसरं इंजिन न कोंबलेल्या त्याहून मोजक्या. खोटी जाहिरात मात्र पहिल्या दिवशी काढून टाकायला लावली. जाणकार माणूस खिडक्या मोजतो, आणि एकदा खोटं सापडलं की पुढच्या प्रत्येक खऱ्या गोष्टीवर संशय घेतो.

एक आणि सात

आरसी बुक वहिनींच्या कपाटात, लग्नाच्या शालूच्या घडीत होतं. मूळ पुस्तक हरवल्यामुळे १९८३ मध्ये काढलेली ती दुय्यम प्रत. शाईने लिहिलेली, कडा कुरतडलेल्या. पहिली नोंदणी नोव्हेंबर १९६५. गाडीचा प्रकार 'डिलिव्हरी व्हॅन'. आणि चेसिस नंबर.

या गाडीचा नंबर इंजिनच्या खोलीत, उजव्या बाजूच्या पत्र्यावर ठोकलेला असतो. तिथे काळ्या ऑइलचा अर्धा इंच थर. धाकटे भाऊ पॉलिशपेपर घेऊन पुढे सरसावले, मी त्यांचा हात धरला. त्या पत्र्यावर पॉलिशपेपरचा एक ओरखडा दिसला, की आरटीओचा निरीक्षक असो वा खरेदीदार, नंबर खोडलाय की काय हाच पहिला विचार करणार. रॉकेल, दात घासायचा जुना ब्रश आणि फडकं. पाऊण तास लागला. मग पातळ कागद ठेवून त्यावर पेन्सिल आडवी फिरवली आणि छाप घेतला, आरटीओत घेतात तसाच.

सुरुवात २३५ ने. ऑगस्ट १९६४ पासून फोक्सवॅगनने नऊ आकडी नंबर सुरू केले. पहिले दोन आकडे गाडीचा प्रकार सांगतात, तिसरा मॉडेलचं वर्ष. २१ म्हणजे बंद पत्र्याची मालाची व्हॅन, २३ म्हणजे कॉम्बी, पुढचा ५ म्हणजे १९६५. कारखान्याच्या लेखी ही गाडी मालाची कधी नव्हतीच. 'डिलिव्हरी व्हॅन' हे पहिल्या मालकाने किंवा तेव्हाच्या कारकुनाने वापर बघून लिहिलेलं.

ही गोष्ट का महत्त्वाची, ते सांगतो. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये विंटेज गाड्यांच्या नोंदणीचे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली, दुचाकी किंवा चारचाकी, मूळ रूपात राखलेली आणि खाजगी, बिगरव्यावसायिक वापराची गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीची फी २० हजार, मुदत दहा वर्षं. आधीच नोंदलेल्या गाडीला आपला जुना नंबर ठेवता येतो, नव्याने नोंदणाऱ्याला 'व्हीए' अक्षरांची मालिका मिळते. रोजच्या वापराला ती रस्त्यावर आणायची नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच. आता 'खाजगी' या एका शब्दावर 'डिलिव्हरी व्हॅन' हा शेरा आडवा पडला तर? खरेदीदाराचा वकील पहिल्यांदा तिथेच बोट ठेवणार.

त्याहून वाईट पुढे होतं. छापातला सहावा आकडा १, आरसीतला सहावा आकडा ७. पुन्हा छाप घेतला, पुन्हा तेच. जरा विचार केल्यावर उलगडलं. जर्मन ठशातल्या एकाला वर लांब शेपूट असतं. १९८३ मध्ये दुय्यम प्रत लिहिणाऱ्याने ते सात वाचलं असणार. एका शेपटापायी कायद्याच्या नजरेत पत्र्यावरची गाडी वेगळी आणि कागदावरची वेगळी. थोरल्या भावांचा चेहरा उतरला. "म्हणजे बाबा पंधरा वर्षं दुसऱ्याच गाडीतून फिरत होते?"

मी त्यांना ताडदेवच्या आरटीओत मूळ रजिस्टरचा उतारा मागायला सांगितलं. अशा जुन्या गाड्या संगणकात नसतात, आधी त्यांची बॅकलॉग एन्ट्री करून घ्यावी लागते आणि त्यासाठी मूळ रजिस्टर शोधावं लागतं. सात आठवडे आणि अकरा फेऱ्या. थोरल्यांनी त्या स्वतः मारल्या, एजंट लावला नाही, त्यामुळे खिडकीवरच्या बाई शेवटी त्यांना चहा विचारू लागल्या. उताऱ्यात आकडा १ निघाला. आणि वर्गाच्या रकान्यात, लाल शाईत, 'मोटार कार, खाजगी'. 'डिलिव्हरी व्हॅन' हा फक्त बॉडीच्या रकान्यातला शब्द होता. माझ्या अंदाजाने या एका पानाने गाडीची किंमत अडीच-तीन लाखांनी वाढवली, आणि त्याला खर्च आला तो बसच्या तिकिटांचा.

गंज

पत्रा बघायला भायखळ्याच्या एका जुन्या मेस्त्रींना बोलावलं. वय सत्तरच्या पुढे, डोळ्यांना कमी दिसतं, पण कान शाबूत. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ते पत्र्यावर हळूहळू ठोकत गाडीभोवती फिरले. टण, टण, टण, मग थप्. थप् आला की खडूची फुली. डाव्या अंगाला एकवीस फुल्या झाल्या. उजव्या, रंगवलेल्या अंगाला मी रुमालात गुंडाळलेलं लोहचुंबक लावलं. ते धरलं तिथे धरलं, पण चाकाच्या कमानीभोवती आणि दाराखाली सरळ खाली पडलं. नुसती पुट्टी. रंगाऱ्याने भोकांत वर्तमानपत्र कोंबून वरून गिलावा केला होता.

ज्याने ही जात हाताळली नाही त्याच्यासाठी थोडं सांगतो. जीपला किंवा ट्रकला खाली लोखंडी चौकट असते, वरचा पत्रा सडला तरी सांगाडा उभा राहतो. या व्हॅनला तशी सुटी चौकट नाही. तळाच्या लांब पट्ट्या, त्यांना काटकोनात जोडलेले आडवे हात, कडेच्या पोकळ पेट्या आणि तळाचा पत्रा सगळं एकमेकांना वेल्ड केलेलं, त्यातूनच गाडीला ताकद. कडेच्या पेट्या गेल्या की दारं बसत नाहीत, मग गाडी मध्यावर वाकते. म्हणून बाहेरचा पोचा कितीही मोठा असला तरी तो स्वस्त, आणि दाराखालची बोटभर काळी रेघ महाग.

मेस्त्रींनी डाव्या पेटीला खालून एक भोक पाडलं. त्यातून तांबूस पिठूळ माती गळायला लागली. गळतच राहिली. पत्र्याच्या डब्यात धरली तर डबा भरला. २६ जुलै २००५ चा गाळ होता तो. त्या दिवशी सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. या आवारात छातीभर पाणी होतं आणि ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उतरलं. पाणी गेलं, गाळ पेट्यांत बसला, आणि दर पावसाळ्यात ओला होऊन आतून पत्रा खात राहिला. आतल्या पुठ्ठ्यामागे त्या पाण्याची रेघ अजून आहे, माझ्या कमरेच्या वर.

दुसरं मोठं कारण टपावर. कर्ण्यांच्या चौकटीसाठी वडिलांनी चार भोकं पाडली होती. चौकट निघाली, भोकांवर एम-सील थापलं, एम-सीलला तडे गेले. थेंब थेंब आत. पुढच्या सीटखालचा पत्रा, पेडलखालची जमीन, इंजिनच्या खोलीतला बॅटरीचा खण, तिन्ही ठिकाणी हात आरपार जात होता.

जमेची बाजूही लिहितो. पुढच्या काचेची चौकट धड, पाण्याच्या पन्हळी नव्वद टक्के धड, दोन्ही दारं मूळची. मागच्या चाकांजवळच्या गिअरपेट्या, ज्यामुळे ही व्हॅन जमिनीपासून उंच राहते आणि कमी ताकदीत चढ चढते, त्या जागेवर. वायरिंग सहा व्होल्टचं, कुणी बारा केलेलं नाही. सीटमागची कारखान्याची छोटी पट्टी, जिच्यावर रंग, जादा साहित्य आणि कुठे पाठवायची याचे संकेतांक असतात, तीही शाबूत. इंजिन जाम होतं. प्लग काढून चारही सिलिंडरमध्ये डिझेल आणि ऑइल ओतून ठेवलं, रोज थोडं. पाचव्या दिवशी डायनॅमोच्या पुलीला पाना लावून धाकट्या भावांनी जोर दिला, तेव्हा पुली पाव फेरा हलली. टाळ्या वाजल्या. इंजिन सुरू होणं दूरच, पण फुटलेलं नाही हे कळलं, आणि त्याचा व्हिडिओ पुढे दहा वाक्यांपेक्षा जास्त उपयोगी पडला.

डाव्या अंगाचा रंग अर्थातच थांबवला. उजव्या अंगाला लावलेला काढणं मात्र राहून गेलं. त्याची किंमत पुढे मोजावी लागली. आलेला प्रत्येक गंभीर गिऱ्हाईक गेटातून शिरून उजवी बाजू ओलांडून सरळ डाव्या बाजूला जाऊन उभा राही, आणि परतताना विचारी, "तिकडे काय झाकलंय?"

कोण कोण आलं

नवी जाहिरात अशी लिहिली: 'फोक्सवॅगन कॉम्बी, १९६५, अकरा खिडक्या, उजवं स्टिअरिंग. चालू नाही. १९९० पासून उभी. २००५ च्या पुराचं पाणी लागलंय. तळ आणि पेट्या पूर्ण सडलेल्या. इंजिन मूळ, जाम होतं, आता हाताने हलतं. चेसिस नंबर आणि रजिस्टरचा उतारा जुळतो. नोंदणी वडिलांच्या नावे, मुदत संपलेली. वारस तिघे, तिघांची संमती. उजव्या बाजूचा रंग ताजा आहे, खाली पुट्टी आहे.' सोबत साठ फोटो, त्यातले चाळीस गंजाचे, प्रत्येक भोकाशेजारी दहाचं नाणं ठेवून.

फोन दोनशेवरून चौदावर आले. पाहायला आले पाच.

पहिला कुर्ल्याचा भंगारवाला. ताठ माणूस, फसवाफसवी नाही. साधारण टनभर वजन धरून ४२ हजार, कापणी जागेवर. दुसरा वांद्र्यात कॅफे काढणारा तरुण, त्याला एक बाजू कापून कॉफीचा काउंटर करायचा होता. साडेतीन लाख, कागद नकोत. कागद नकोत हे कुटुंबाला सोयीचं वाटलं. मी सांगितलं, गाडी कायमची निकामी झाली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे चौदा दिवसांत आरटीओला कळवून नोंदणी रद्द करणं मालकाचं काम, कॅफेवाल्याचं नव्हे. आणि एकदा बाजू कापली की विंटेजचा विषय संपला.

तिसऱ्याबद्दल कमीच लिहितो. त्याला गाडी नकोच होती. आरसी, जुनी नंबरप्लेट आणि नंबर ठोकलेला वीतभर पत्रा, एवढ्याचे पावणेतीन लाख, आणि "बाकीचं तुम्ही कुणालाही विका." म्हणजे दुसरीकडे कुठेतरी बिनकागदाची एक व्हॅन उभी असणार. धाकटे भाऊ क्षणभर विचारात पडलेले मी पाहिले. पावणेतीन अधिक कॅफेचे साडेतीन, हिशोब वाईट नव्हता. हा गुन्हा आहे आणि उद्या ती गाडी कुठे सापडली तर तुमच्या वडिलांच्या नावाने सापडेल, एवढं सांगितल्यावर थोरल्यांनी त्याला गेटापर्यंत सोडलं.

खरा पेच चौथ्याने टाकला. हा सुट्या भागांचा व्यापारी, त्याच्या वहीत यादी तयार. दोन्ही दारं, डॅशबोर्ड, काचांच्या चौकटी, मागच्या गिअरपेट्या, पुढचा एक्सल, बाकं, इंजिन. सहा लाख, रोख. एवढी रोख घेता येणार नाही, दोन लाख आणि त्यावरच्या रोखीला आयकर कायद्यातच मनाई आहे, पण तो बँकेतूनही द्यायला तयार झाला. त्या दिवशी हातात दुसरा मोठा भाव नव्हता. तोडून विकलेली गाडी अख्ख्या गाडीपेक्षा जास्त पैसे देते, हे या धंद्यातलं कडू सत्य आहे, आणि कुटुंबाने पैशाचा विचार करू नये असं मी कोण सांगणार?

नाशिकच्या ताईंना फोन लावला. त्यांनी आठवणी वगैरे काही काढल्या नाहीत. "भाग नेले की उरलेला सांगाडा कोण उचलणार? चाकं नाहीत, दारं नाहीत. तो गल्लीतून निघणार कसा? आणि ३१ मे?" व्यापाऱ्याला विचारलं. सांगाडा तुमचा, म्हणाला. प्रश्न तिथेच मिटला. वडिलांच्या आठवणीपेक्षा बिल्डरच्या तारखेने ती गाडी वाचवली, असं मला वाटतं.

पाचवे पुण्याहून आले. भोसरीत स्वतःचं पत्रेकामाचं शेड, दोन जुन्या गाड्या आधी उभ्या केलेल्या. गोणपाट बरोबर घेऊन आले, ते अंथरून गाडीखाली गेले आणि चाळीस मिनिटं बाहेर आले नाहीत. नुसता टॉर्चचा उजेड इकडून तिकडे. बाहेर आल्यावर त्यांनी तीन गोष्टी विचारल्या: उतारा दाखवा, मधलं बाक कुठे आहे, आणि किल्ली कुणाकडे असते. बाक गच्चीवर होतं, वहिनी त्यावर पापड वाळत घालत.

भाव आणि गाठ

अशा गाडीचा भाव मी उलट्या गणिताने काढतो. तयार, कागदपत्रांसह उभी केलेली गाडी किती जाईल? पुण्याच्या गृहस्थांनी स्वतः ३५ लाख धरले. तयार करायला त्यांचा अंदाज वीस, कारण पत्र्याचे तयार भाग बाहेरून मागवायचे, वर जकात. मजुरी घरची. उरले पंधरा. त्यातून दोन-अडीच वर्षांचा अडकलेला पैसा आणि पत्रा उघडल्यावर निघणारी नवी भुतं वजा करायची. उजव्या अंगाच्या झाकलेल्या पत्र्यापायी त्यांनी स्वतंत्र पन्नास हजार कापले, बोलून दाखवून. थोरले गप्प. अठ्ठावीस हजारांच्या रंगाने पन्नास हजार नेले. सौदा ८ लाख ७५ हजारांवर बसला.

आणि मग गाठ लागली. गाडी वडिलांच्या नावावर. मालक वारल्यावर वारसाच्या नावे करायला फॉर्म ३१. पण नोंदणीची मुदत कधीच संपलेली, ती वाढवल्याशिवाय नाव चढत नाही. मुदत वाढवायला फॉर्म २५, विमा, थकलेला पर्यावरण कर, विलंबाचं शुल्क, आणि गाडी निरीक्षकासमोर उभी करणं. जी गाडी उचलली तर मध्यावर मोडेल ती निरीक्षकासमोर उभी कशी करायची? दुरुस्त केल्याशिवाय पासिंग नाही, पासिंगशिवाय ट्रान्सफर नाही, आणि ट्रान्सफर होईपर्यंत दुसऱ्याच्या नावावरच्या गाडीत वीस लाख कोण घालणार?

इथे दोन्ही बाजूंची भीती खरी होती. रजिस्टरमध्ये ज्याचं नाव तोच मालक, विक्री झाली असली तरी अपघाताची जबाबदारी त्याच्यावरच, हे सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. कुटुंबाला ती भीती. खरेदीदाराला भीती अशी, की गाडी तयार झाल्यावर तिघांपैकी कुणी सही करायला नकार दिला तर?

आम्ही पैसे आणि जोखीम दोन्ही तुकड्यांत वाटली. एक लाख विसार. सव्वापाच लाख गाडी उचलण्याआधी, बँकेतून. अडीच लाख नाव बदलल्यावर. करारावर तिघा भावंडांच्या सह्या, वारसाची प्रतिज्ञापत्रं आत्ताच, आणि पुढच्या फॉर्मांवर सह्या करण्यासाठी थोरल्यांना दोघांचं मुखत्यारपत्र. नाव बदलेपर्यंत गाडी रस्त्यावर चालवायची नाही, हलवली तर फक्त फ्लॅटबेड ट्रकवरून. नंबरचा पत्रा कापायचा नाही, त्याच्या आजूबाजूला काम करताना आधी आणि नंतर फोटो. आरटीओने शेवटी नकारच दिला तर अडीच लाख सोडून द्यायचे. हे शेवटचं कलम थोरल्यांना पचायला आठवडा लागला. मी त्यांना एवढंच म्हटलं, की सुरुवातीला तुमच्या हातात भंगारवाल्याचे ४२ हजार होते.

२३ मेला हायड्रा क्रेन आली. गल्लीत दोन्ही बाजूंना स्कूटर, वर केबलच्या तारा. पिंपळ आदल्या दिवशी मुळापासून काढला होता. गाडीच्या पोटाखाली दोन आडव्या लोखंडी तुळया घालून त्यावर पट्टे बांधले, म्हणजे वजन सडलेल्या पेट्यांवर येणार नाही. उचलली तशी खालून मातीची धार लागली आणि शेजारच्या दुसऱ्या मजल्यावरच्या आजी ओरडल्या, "अरे, टेम्पो निघाला!" ज्या जागेवर ती उभी होती तिथे कोरडा चौकोन उरला आणि त्यात एक फुटका माइक.

त्याला आता वर्ष होत आलं. आकड्याची दुरुस्ती आरटीओत झाली. नाव बदलायचं बाकी आहे, कारण गाडी अजून चाकांवर नाही. अडीच लाख तिकडेच आहेत. खरेदीदार ठरल्याप्रमाणे दर महिन्याला फोटो पाठवतात. मार्चच्या फोटोत उजवं अंग होतं. रंगाऱ्याचा रंग रिमूव्हर लावून काढला, पुट्टी निघाली, वर्तमानपत्रं निघाली, आणि त्याखालच्या थरात नारिंगी अक्षरं आली: वडिलांच्या साउंड सर्व्हिसचं नाव, गिरगाव, आणि सहा आकडी टेलिफोन नंबर. नव्वदच्या आधी कधीतरी निवडणुकीच्या कामासाठी त्यावर रंग मारला होता, घरात सगळे विसरून गेले होते.

थोरल्यांनी फोटो बराच वेळ मोठा करून पाहिला. "नंबर चुकलाय," म्हणाले. "शेवटचा आकडा. बाबा त्यावरून त्या रंगाऱ्याशी केवढे भांडले होते."